ताप असेल तर खिडकीला या

आमच्या खासबागेतल्या गल्लीत माणूस तापानं आडवा झाला की त्याला औषधाच्या आधी पाहुणे मिळतात. सकाळी ताप चढला तर दुपारपर्यंत निम्मी गल्ली त्याच्या अंथरुणाशी बसलेली असते. बिस्किटाचा पुडा, चार सफरचंदं आणि ‘किती वाळलास रं’ हे ठरलेलं वाक्य. वारं बाधेल म्हणून खिडकी बंद, पंखा बंद, दार मात्र सताड उघडं. प्रत्येकानं आजाऱ्याच्या कपाळाला हात लावून बघायचा, त्याच हातानं चहाचा कप उचलायचा, आणि आठवड्यानं तेच सगळे एकेक करून अंथरुणाला खिळले की ‘हवाच खराब हाय’ म्हणून मोकळं व्हायचं. हवेला तोंड नसतं, म्हणून हे खपतं.

आमच्या घरमालकीणबाईंनी आयुष्यभर त्या हवेची बाजू घेतली, आणि गल्लीनं त्यांना वेड्यात काढलं. सगळे त्यांना आक्का म्हणत, आम्हीही म्हणायचो. त्या सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. सांबऱ्यापासून निपाणीच्या खेड्यांपर्यंत बदल्या भोगून निवृत्त झाल्या, आणि फंडातून हे चार खोल्यांचं घर बांधलं. लग्न केलं नव्हतं. पुढच्या दोन खोल्यांत मी आणि माझी बायको भाड्यानं राहायचो, मागच्या दोन खोल्यांत आक्का. त्यांच्या झोपायच्या खोलीची खिडकी बोळात उघडायची. या सगळ्या गोष्टीत खिडकीचं काम मोठं आहे, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

आक्कांचा नियम एकच. ताप-खोकल्याच्या माणसाच्या घरात दारातून जायचं नाही, खिडकीतून भेटायचं. गल्लीत कुणी आजारी पडल्याचं कानावर आलं की त्या तोंडाला रुमाल बांधून, छत्री घेऊन निघायच्या. ऊन असो, पाऊस असो, छत्री हवीच. तिच्या टोकानं त्या बाहेरूनच खिडकीची झडप ढकलून उघडत. मग तीन प्रश्न. “पाणी किती प्यालास? लघवीला कवा गेलतास? दम लागतोय काय?” उत्तरं मिळाली की एक पूर्ण मिनिट गप्प. मनगटावरच्या जुन्या घड्याळाकडे एक डोळा आणि आजाऱ्याच्या छातीकडे एक डोळा. श्वास मोजायच्या; मोठ्या माणसाचे मिनिटाला विसाच्या आत हवेत. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटायचं, बाई काहीतरी जप करतायत. कुणी मधे बोललं तर छत्री आपटायच्या आणि पहिल्यापासून मोजायला सुरुवात करायच्या. आकडा पटला तर खिडकीच्या कट्ट्यावर पेजेचा कडीचा डबा ठेवून पुढच्या घरी. संध्याकाळी पुन्हा हजर. दिवसातून दोनदा, ताप उतरेपर्यंत, एकही खाडा नाही.

त्यांनी आपल्या दारावर एक पाटी लावली होती. ‘ताप असेल तर खिडकीला या.’ वर मराठी, खाली कन्नड, कारण आजूबाजूला दोन्ही भाषांची माणसं. आठवड्यात कुणीतरी खालची ओळ डांबरानं पुसली. आक्कांनी नवी पाटी केली, आता कन्नड वर. तेव्हा दुसऱ्या कुणीतरी मराठी पुसली. लहान पोरं तापानं फणफणली होती आणि आमच्या शूर पुरुषांना डांबर घेऊन रात्री फिरायला वेळ होता. आक्कांनी तिसऱ्या पाटीवर अक्षरच लिहिलं नाही. तोंडात थर्मामीटर धरलेला एक टकला माणूस काढला आणि त्याच्या नाकासमोरून खिडकीकडे एक बाण. तो माणूस आमच्या वॉर्डाच्या पुढाऱ्यासारखा दिसतो अशी कुजबुज झाली, पण ती पाटी कुणी पुसली नाही.

आता एक गोष्ट सांगतो जी गल्लीत कुणी उघड बोलायचं नाही. आक्का बौद्ध. वडील निपाणीला तंबाखूच्या वखारीत हमाली करायचे. आणि त्यांच्या पेजेचे डबे काही घरांच्या खिडकीत सकाळी ठेवलेले तसेच संध्याकाळपर्यंत असायचे. कारण विचारलं तर ‘पेशंटला इच्छा न्हवती’. ठराविक तीन-चार घरांतल्या पेशंटांनाच इच्छा नसायची, हा मोठा योगायोग. मी हे पाहिलं आणि माझं डोकं तडकलं. त्यातलंच एक घर समोरच्या काकूंचं. त्यांना जाऊन विचारतो म्हणालो, तर आक्कांनी मला थांबवलं. दुसऱ्या दिवसापासून त्या घरांना त्यांनी पेज बंद केली आणि दुकानातली साखर-मिठाची बंद पाकिटं द्यायला सुरुवात केली. म्हणाल्या, “अंगात पाणी जायाशी मतलब. माझ्या हातचं का कंपनीचं, किडनी इचारत न्हाय.” मला त्यांचा तो समजूतदारपणा तेव्हाही आवडला नाही, आजही आवडत नाही. भांडायला हवं होतं. पण भांडायचं काम त्यांचं नव्हतं, आमचं होतं, आणि आम्ही केलं नाही.

समोरच्या काकूंना एकदा आक्कांनी हटकलं होतं. शेजारच्या म्हातारबाबांना फ्ल्यू झाला होता, आणि काकू नातवाला काखोटीला मारून भेटायला निघाल्या होत्या. आक्कांनी छत्री आडवी धरली. काकू गल्लीला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या, “आता आमाला हिनं दारात उभं करायचं. दिवस बघा कसं आल्यात.”

आक्का शांतपणे म्हणाल्या, “दारात उभं ऱ्हायची मला ल्हानपणापासनं सवय हाय. तुमाला नवीन हाय, एवढंच.”

काकू नातवाला घेऊन परत गेल्या. पुढचे दोन महिने त्यांनी आक्कांशी बोलणं टाकलं, आणि आक्का रोज सकाळी त्यांच्या नातवाचं नाक गळतंय का ते लांबूनच बघत राहिल्या.

दवाखान्यांवरही त्यांचा राग होता. आमच्याकडे सुई टोचली नाही तर डॉक्टर कसला, ही समजूत. साधा फ्ल्यू, पण सलाईन लावल्याशिवाय बिल दिल्याचं समाधान नाही. औषधाच्या दुकानात जाऊन ‘कालच्यासारख्याच दोन कडक गोळ्या द्या’ म्हणणारी माणसं बघितली की आक्का मागे रांगेत उभ्या राहून बोलायच्या. या तापावर त्या गोळीचा काडीचा उपयोग नाही, विश्रांती घे, पाणी पी, तापाची साधी गोळी घे, आणि दम लागला तर मात्र घरात थांबू नको, असं सगळं एका दमात. दुकानदार त्यांना हात जोडायचा. मोठ्या साथीच्या त्या दोन वर्षांत हीच गल्ली त्यांना ‘सिस्टर, सिस्टर’ म्हणत विचारायला यायची. खिडकीतून भेटणं तेव्हा शहाणपण ठरलं. साथ ओसरली, मास्क खुंटीला गेले, आणि आक्का पुन्हा वेड्या झाल्या.

दर वर्षी पावसाच्या आधी त्या स्वतःच्या खर्चानं फ्ल्यूची लस टोचून घेऊन यायच्या. येताना गल्लीतल्या प्रत्येक म्हाताऱ्याला, दमेकऱ्याला, शुगरवाल्याला आणि गरोदर बाईला सांगत यायच्या. लोक म्हणायचे, पाच रुपयांच्या सर्दीला एवढी महागाची सुई कशाला. हीच माणसं सलाईनला मात्र रांगेत उभी.

आता माझ्यावर येतो, कारण दुसऱ्यांवर तोंडसुख घेणं सोपं असतं. मी उद्यमबागेत एका कारखान्यात तपासणी विभागात काम करायचो. फाउंड्रीच्या बाजूला असतात तशी कळकट शेड, एका माठाला साखळीनं बांधलेला एकच स्टीलचा पेला, आणि दोनशे माणसं. आमच्या साहेबांचा कायदा असा, की ताप असेल तर कामावर येऊन दाखवायचा. ते स्वतः कपाळाला हात लावून बघणार आणि मग रजा देणार किंवा नाही देणार. म्हणजे तापलेला माणूस आधी भरलेल्या बसमधून येणार, रांगेत उभा राहणार आणि साहेबांनी ‘गरम लागत न्हाय’ म्हटलं की मशीनवर जाणार. त्यामुळे आम्ही सगळ्यांनी एक युक्ती काढली होती. सकाळी तापाची गोळी घ्यायची आणि अंग गार करून कामावर जायचं. विचारणंच नको, मग नाही म्हणणंही नको.

आक्कांना ही युक्ती माहीत होती. मी सकाळी गोळी घेऊन बाहेर पडलो की त्या ओट्यावरून विचारायच्या, “ताप गेलाय, का गोळीनं झाकलायस?” मी हसायचो. त्या हसायच्या नाहीत. गोळीशिवाय एक आख्खा दिवस ताप आला नाही तरच घराबाहेर पडायचं, हे त्यांनी मला किती वेळा सांगितलं असेल याची गणती नाही. साहेबांना हे सांगा म्हटलं तर एकदा खरंच गेल्या. छत्री घेऊन, बसनं, उद्यमबागेत. साहेबांनी चहा पाजला आणि परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी साहेब मला म्हणाले, तुमच्या घरमालकीणबाईंना जरा आवरा.

बायकोला सातवा महिना लागला त्या वर्षाची गोष्ट. आक्कांनी पाचव्या महिन्यापासून लस घे म्हणून पाठ धरली होती. गरोदरपणात फ्ल्यू वाईट, छातीत उतरतो, ही लस पोटातल्या बाळालाही उपयोगी, सगळं समजावलं. माझी आई गावाहून आली होती. ती म्हणाली, गरवारशीला नको त्या सुया कशाला. बायको माझ्याकडे बघायला लागली. मी डिप्लोमा झालेला माणूस. मी काय म्हणालो असेन? ‘बघूया’ म्हणालो. आमच्या घरात ज्या गोष्टी करायच्या नसतात त्यांना बघूया म्हणतात.

डोहाळजेवण ठरलं. आदल्या दिवशी कारखान्यातून येताना माझं अंग मोडून आलं. सकाळी चांगलाच ताप. पण घरात पाहुण्यांची गर्दी, फुलांची वाडी आलेली, आणि हल्ली नवऱ्यालाही शेजारी बसवून फोटो काढतात. ताप आहे म्हणालो असतो तर आईनं अपशकुन मानला असता. मी नेहमीची युक्ती केली. गोळी घेतली, नवा सदरा घातला आणि बायकोच्या शेजारी तीन तास बसलो. तिला पेढा भरवला. उरलेला अर्धा तिनं मला भरवला. आक्का बायकोला आशीर्वाद द्यायला आल्या, माझ्या डोळ्यांकडे बघितलं आणि थांबल्या. मी नजर चुकवली. त्यांनी सगळ्यांसमोर काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

तिसऱ्या दिवशी बायकोला ताप आला, चौथ्या दिवशी खोकला. आई काढा करत होती, गल्ली भेटायला येत होती आणि मी दारात उभा राहून सगळ्यांना आत घेत होतो, कारण माणसं परत कशी पाठवायची. आक्का ते दोन दिवस निपाणीला भाच्याकडे होत्या. चौथ्या दिवशी संध्याकाळी आल्या त्या थेट आमच्या खिडकीशी. छत्रीनं झडप ढकलली. तीन प्रश्न विचारले. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं बायकोनं दिली, तिसऱ्याला ती वाक्य पुरं करू शकली नाही. आक्कांनी घड्याळाकडे बघितलं. आत आठ-दहा बायका बसलेल्या, त्यांच्या गप्पा चालूच. आक्कांनी छत्रीचा दांडा गजांवर असा आपटला की सगळं घर गप्प झालं. एक मिनिट गेलं.

“चौतीस,” त्या म्हणाल्या. “रिक्षा न्हाय, गाडी बोलीव. आत्ता.”

आई म्हणाली, काढा उतरलाय, तो पिऊन जाऊ दे. आक्कांनी आयुष्यात पहिल्यांदा आपला नियम मोडला. दारातून आत आल्या, बायकांना बाजूला सारलं, बायकोला बसतं केलं आणि माझ्या आईच्या हातातलं भांडं काढून घेतलं. दवाखान्यात डॉक्टरांनी ऑक्सिजन लावला, फ्ल्यूचं औषध लगेच सुरू केलं. वेळेवर आणलंत म्हणाले. मी मान डोलवली, जणू काही मीच आणलं होतं. बायको वाचली, पोटातलं बाळही वाचलं. पुढे मुलगी झाली. आक्कांनी मला एका शब्दानं बोल लावला नाही. मुलीच्या बारशाला फक्त एवढंच विचारलं, की आज ताप आहे काय. मी नाही म्हणालो. त्यांनी तरी माझ्या कपाळाला हात लावून बघितला.

यानंतर माणसानं काय शिकायला हवं? आयुष्यभर त्या बाईच्या खिडकीत उभं राहायला हवं. मी काय शिकलो ते ऐका.

दोन वर्षांनी पावसाळ्यात आक्का आजारी पडल्या. लस घेतलेली होती, पण वय झालेलं आणि छाती पहिल्यापासून नाजूक. त्यांनी स्वतःच मला फोन केला. भिंतीपलीकडून फोन. म्हणाल्या, “मला ताप हाय. पोरगी ल्हान हाय तुझी, आत येऊ नको.” मी बरं म्हणालो. काही लागलं तर सांगा म्हणालो. हे वाक्य आपण ज्याला काही द्यायचं नसतं त्यालाच सांगतो.

गल्लीत बातमी पसरली. आणि ज्या गल्लीनं कधी कुणाच्या आजारपणात दार सोडलं नव्हतं, तिला एकाएकी आक्कांचा नियम पाठ झाला. “तिनंच सांगितलंय, यायचं न्हाय म्हणून.” “त्यांना आवडत न्हाय बाई.” दूधवाला पिशवी दाराच्या कडीला अडकवून गेला. काकूंनी माडीवरून बघितलं. कुणीही बिस्किटाचा पुडा घेतला नाही. त्यात कुणाच्या मनात नियम होता आणि कुणाच्या मनात ती जुनी न बोललेली गोष्ट होती, हे मला माहीत नाही. बाहेरून दोन्ही सारखीच दिसली. माझ्या मनात काय होतं ते मात्र मला माहीत आहे. सोय होती. कामावरून आल्यावर दमलेला असायचो, मुलगी अंगावर चढायची, आणि आक्कांनीच नको म्हटलं होतं. पहिल्या दिवशी संध्याकाळी मी फोन केला, त्या म्हणाल्या, बरी हाय. दुसऱ्या दिवशी उचलला नाही. झोपल्या असतील म्हणालो.

तिसऱ्या दिवशी सकाळी बायकोनं चहा गाळता गाळता विचारलं, “त्यास्नी पेज कोण दिलालंय?”

एवढं विचारून तिनं गॅस बंद केला. तीन दिवसांत ज्या बोळात मी पाऊल टाकलं नव्हतं तिथं मी धावत गेलो. बोळ बारा पावलांचा आहे. खिडकीच्या दोन्ही झडपा उघड्या होत्या, पडदा बाजूला बांधून ठेवलेला. कट्ट्यावर रिकामी जागा करून ठेवलेली होती, डबा ठेवता येईल एवढी. आक्का उशांना टेकून बसल्या होत्या. ओठांचा रंग गेलेला. डावा हात डोळ्यांसमोर धरला होता आणि ओठ हलत होते. घड्याळ बघत होत्या. स्वतःचे श्वास स्वतःच मोजत होत्या.

दार फोडून काढलं. दवाखान्यात त्या सतरा दिवस होत्या. आल्या तेव्हा निम्म्या झाल्या होत्या, आवाज गेलेला, दोन पावलं चाललं की धाप. निपाणीहून भाचा आला आणि आता एकटीला ठेवत नाही म्हणाला. घर विकायला काढलं.

गल्लीला तेव्हा जाग आली. गल्लीच्या मंडळानं ठरवलं, आक्कांचा जाहीर सत्कार करायचा. सत्कार आणि निरोप एकातच उरकला. मंडळाच्या खोलीत साठ-सत्तर माणसं दाटीवाटीनं बसली. बाहेर पाऊस म्हणून खिडक्या बंद. नुकत्याच न्यूमोनियातून उठलेल्या बाईला मधे खुर्चीवर बसवलं आणि एकेकानं येऊन त्यांच्या तोंडाजवळ तोंड नेऊन तब्येत विचारली. काकूंनी ओवाळलं. शाल, श्रीफळ, हार. अध्यक्षांना चांगलाच खोकला झाला होता. माईकवर हात ठेवून खोकले आणि बोलले.

म्हणाले, आक्कांनी या गल्लीला आरोग्याची शिस्त लावली. त्या शिस्तीचा पुरावा हवा असेल तर एकच गोष्ट सांगतो. आक्का स्वतः आजारी होत्या, तेव्हा या गल्लीतला एकही माणूस त्यांच्या दारात गेला नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी भिंतीला टेकून उभा होतो. मला त्या माणसाच्या हातातला माईक काढून घ्यावासा वाटला. मी तिथंच उभा राहिलो.

मग आक्कांना दोन शब्द बोला म्हणाले. त्यांना उठता येईना, भाच्यानं माईक खाली धरला. त्या बराच वेळ दम गोळा करत होत्या. खोलीत कुणीतरी आपसात बोलत होतं. त्यांच्याजवळ आपटायला छत्री नव्हती.

“दारात येऊ नका म्हणून मीच सांगितलंतं,” त्या म्हणाल्या. “ते तुमी ऐकलासा. खिडकी उघडी ठेवलीती मी. तीनबी दिवस.”

एवढंच बोलून त्यांनी माईक बाजूला केला. लोकांना वाटलं, आभार मानले. पुन्हा टाळ्या झाल्या, पहिल्यापेक्षा जोरात. इतका वेळ मी गल्लीवर तोंड टाकतोय, तेव्हा हेही सांगायलाच हवं. त्या टाळ्यांत माझेही हात होते, आणि आक्का माझ्याकडेच बघत होत्या.